एका थेंबाच्या अटीवर सुकापूर ते मोरा

मोटरसायकलवरून माणसं लडाखला जातात आणि परत येऊन लिहितात. आमच्या बिल्डिंगमधल्या एकाने तर जायच्या आधीच निम्मं लिहून ठेवलं होतं. मी मागच्या महिन्यात मोटरसायकलवरून सुकापूरहून मोऱ्याला जाऊन आलो. अंतर चाळीस किलोमीटरच्या आतलं. वाटेत बर्फ नाही, खिंड नाही, आणि उंचीचा त्रास म्हणाल तर दोन उड्डाणपुलांवर झाला तेवढाच. तरी जायला मला दोन दिवस लागले, आणि त्या दोन दिवसांत मी जे भोगलं ते लडाखवाल्याच्या वाट्याला येणार नाही, कारण त्याच्या मागे सुनंदा बसलेली नव्हती.

सुनंदा माझी बायको. मोऱ्याच्या कोळीवाड्यातली. ज्यांनी मोरा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो, उरणच्या टोकाला हा धक्का आहे, इथून मुंबईला लाँच सुटते, आणि धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर माझं सासर आहे. सुकापूर म्हणजे नवीन पनवेलला चिकटलेलं गाव. तिथे आठवड्याला एक नवी बिल्डिंग उगवते, त्यातल्याच एकीत आम्ही राहतो.

मुलगा शिकायला पुण्याला गेला आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं. अशा वेळी शहाणी माणसं बागकाम करतात. मी वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी एक वापरलेली क्रूझर घेतली. हँडल उंच, सीट खाली, पाय पुढे पसरलेले. माझ्या मते तिच्यावर मी रुबाबदार दिसत होतो. बिल्डिंगच्या मते मी आरामखुर्चीत बसून भाजी आणायला निघालेलो दिसत होतो. गाडीचं नावच ‘आरामखुर्ची’ पडलं.

आरामखुर्ची देखणी होती, आवाज भारदस्त होता, आणि ती तेल गाळायची.

रोज सकाळी पार्किंगमध्ये तिच्याखाली एक काळा डाग. आमचे सेक्रेटरी दळवी खडू घेऊन खाली यायचे आणि प्रत्येक डागाभोवती पांढरं वर्तुळ काढून आत तारीख घालायचे. अपघात झाल्यावर पोलीस काढतात तसं. गंमत म्हणजे हेच दळवी मला दर पंधरा दिवसांनी कोपऱ्यात घेऊन विचारायचे, “विकायची असली तर आधी मला सांगा हं.”

मी काही हातावर हात ठेवून बसलो नव्हतो. दर रविवारी सकाळी मी तेल तपासायचो. आधीच्या मालकाने डबल स्टँड काढून टाकलं होतं, खड्ड्यात घासतं म्हणून. त्यामुळे गाडी साइड स्टँडवर डावीकडे कलती उभी. तशीच मी उजव्या बाजूची तेल मोजायची काडी काढायचो, फडक्याने पुसायचो, परत घालून बघायचो. काडीवर दोन रेघा असतात, तेल त्यांच्यामध्ये हवं. ते नेहमी खालच्या रेघेच्याही खाली. मग मी डब्यातून थोडं ओतायचो. तेलाचा डबा मात्र माझ्या अंदाजापेक्षा फार लवकर संपायचा. मला वाटायचं, डबाही गळतोय.

जुन्या पनवेलमध्ये इक्बालभाईंचं गॅरेज आहे. पहिल्या खेपेला त्यांनी ड्रेन नटचा वॉशर बदलला. दुसऱ्या खेपेला क्लचच्या झाकणाचं गास्केट. तिसऱ्या खेपेला इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण उघडून तिथलं रबर.

“साहेब, इंजिनमध्ये काही ऐब नाय,” हात पुसत ते म्हणाले. “कसम से. हिला नजर लागली असेल. आणि वरून थोडा ऑइल पण टाकलाय, बेफिकीर राहा.”

मी बेफिकीर राहिलो. दुसऱ्या दिवशी दळवींचं वर्तुळ आधीपेक्षा मोठं होतं.

मग मी शास्त्रीय मार्ग धरला. सायबर कॅफेत बसून वाचलं, की गळती शोधायची असेल तर इंजिन रॉकेलने लख्ख धुवावं, कोरडं करावं, त्यावर टाल्कम पावडर मारावी आणि चक्कर मारून यावी. तेल जिथून निघतं तिथून पावडरीत ओला माग उमटतो. मी जुन्या टूथब्रशने इंजिनाचा कानाकोपरा घासला. सुनंदाची चंदनाची पावडर सढळ हाताने मारली आणि पळस्पे फाट्यापर्यंत जाऊन आलो.

इंजिन पुढून, खालून, दोन्ही बाजूंनी कोरडं ठणठणीत. मागचा भाग मात्र पावडर आणि तेल मिळून असा झाला होता, की कुणीतरी पीठ मळता मळता फोन घ्यायला उठून गेलंय. म्हणजे इंजिन कोरडं आणि त्याच्या मागचं सगळं ओलं. एखाद्याने यावर विचार केला असता. मी निष्कर्ष काढला: वारा.

“कुठला ब्रश घेतलात?” सुनंदाने गॅलरीतून विचारलं.

“जुना.”

“जुना बेसिनखाली आहे. तुमच्या हातात तुमचा आहे.”

त्याच आठवड्यात मोऱ्याहून फोन आला. सासूबाईंनी घरापुढचा ओटा नवा करून घेतला होता, पांढऱ्याशुभ्र लाद्यांचा. त्या आनंदाप्रीत्यर्थ रविवारी जेवण. आता मागची हकीकत अशी, की दिवाळीत आरामखुर्ची जुन्या ओट्यावर उभी होती आणि निघताना मागे भाकरीएवढा डाग ठेवून आली होती.  सासूबाईंनी फक्त डागावर तुळशीची कुंडी सरकवली होती. सुनंदाला ती कुंडी अजून दिसत होती.

“आपण एसटीने जाऊ,” ती म्हणाली.

“गाडीने जाऊ. ठीक झालीय आता.”

तिने एक बोट वर केलं. “ठीक आहे. गाडीने जाऊ. पण आईच्या नव्या ओट्यावर एक थेंब जरी पडला, तर परत आल्यावर गाडी दळवींना. तसा शब्द दिलाय मी त्यांना. कबूल?”

“अर्धा थेंब पडला तर?”

“अर्धाही.”

मी कबूल म्हटलं. दुसरं काय म्हणणार? तिने माळ्यावरून फ्रिजच्या खोक्याचा एक चौकोनी पुठ्ठा कापून काढला. जिथे थांबू तिथे हा गाडीखाली सरकवायचा, म्हणजे मोऱ्याला पोचेपर्यंत गाडीचं चारित्र्य कळेल.

शुक्रवार, सुकापूरचा केमिस्ट

आता इथे मी जे केलं ते सांगताना मला लाज वाटते, पण प्रवासवर्णनात खोटं लिहू नये. मी केमिस्टकडे जाऊन लहान मुलांचा डायपर मागितला.

“अभिनंदन काका!” तो म्हणाला. “मुलगा की मुलगी?”

“अजून... म्हणजे, ठरलेलं नाही.”

“वजन किती आहे? साइज वजनावर असतो.”

“दीडशे किलो,” मी बोलून गेलो.

त्याने मला सगळ्यात मोठं पाकीट दिलं आणि पुढे काही विचारलं नाही. केमिस्टच्या धंद्यात माणसाला बरंच काही बघावं लागत असणार.

शनिवारी पहाटे, सुनंदा आंघोळीला गेलेली असताना, मी इंजिनाच्या मागच्या बाजूला खालून डायपर तारेने आवळून बांधला आणि वरून काळी प्लास्टिकची पिशवी लावली. वाकून बघितलं तरी दिसणार नाही असा. थेंब पडला तर पडू दे बापडा. ओट्यावर पडणार नव्हता, आणि अट तर ओट्याचीच होती.

शनिवार, गव्हाण फाटा

पनवेलहून बंदराच्या रस्त्याला लागलं की तुम्ही एकटे उरत नाही. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, बाजूला कंटेनर. एकेक घराएवढा. त्यांच्यामधून आरामखुर्चीवर पाय पसरून जाताना आपण मिरवणुकीतल्या पालखीत बसलोय की मिरवणुकीखाली येणार आहोत हे कळत नाही. मागून सुनंदा प्रत्येक ट्रकच्या वेळी माझ्या खांद्यात बोटं रुतवत होती. मोऱ्याला उतरल्यावर शर्ट काढला तेव्हा दहाही बोटं मोजता येत होती.

गव्हाण फाट्याला चहा घेतला. सुनंदाने पुठ्ठा सरकवला. आम्ही चहा संपेपर्यंत थांबलो. तिने पुठ्ठा ओढून उन्हात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

“कोरडा,” तिचा विश्वास बसत नव्हता.

“इक्बालभाईंचा हात आहे तो,” मी म्हणालो. माणूस एकदा घसरला की किती सहज घसरत जातो बघा.

शेजारच्या बाकड्यावर एक कंटेनरवाला ग्लासात पाव बुडवून खात होता. तो म्हणाला, “साहेब, रागवू नका. मगाशी तुमच्या मागे होतो मी. तुमची गाडी सिग्रेट ओढते काय?”

“म्हणजे?”

“निळा धूर काढते. दमदार.”

“थंडी आहे ना,” मी म्हणालो.

“आं?” त्याने घामाने भिजलेल्या गळ्यावरचा रुमाल सोडून कपाळ पुसलं.

शनिवार, हिरामावशींचं अंगण

सुकापूरहून मोऱ्याला एका दिवसात न पोचण्याचं कारण हिरामावशी. जासईच्या अलीकडच्या एका गावात त्या राहतात. नात्याने मावशी नाहीत. त्यांच्या सासरची मिठागरं होती, आणि सासूबाई तरुणपणी मासळीची पाटी घेऊन त्या बाजूला यायच्या. या त्यांना मीठ द्यायच्या, त्या यांना सुकट. तेवढ्यावर चाळीस वर्षांची मैत्री झाली. आता मिठागरं गेली, जागेवर मोठा बंगला आला, पण अंगण मावशींनी शेणाने सारवलेलंच ठेवलंय. त्यांचं दार टाळून मोऱ्याला जाणं म्हणजे गुन्हा, आणि दारात येऊन न जेवता जाणं म्हणजे त्याहून मोठा. जेवल्यावर मुक्काम हा तर ठरलेलाच.

आमच्या पनवेलच्या घरी पाहुण्याला ‘आणखी वाढू का?’ असं विचारतात. पाहुणा नको म्हणतो, आपण आग्रह करतो, तो अर्धी पोळी घेतो, दोन्ही बाजूंची अब्रू राहते. हिरामावशींकडे विचारण्याची पद्धतच नाही. तुमचं लक्ष पाण्याच्या तांब्याकडे गेलं की ताटात तांदळाची भाकरी आलेली असते.

“मावशी, बस झालं. खरंच.”

“काय बस झाला? दोन तर खाल्लास.”

“चार झाल्या.”

“मोजतस कशाला? मोजून खानारा मानूस मना आवरत नाय. घे, कोलंबी घे.” आणि खाडीच्या कोळंबीचा रस्सा भाकरीवर. “बाय गं सुनंदा, तुजा दादला वाळलाय. घरी घालतस का नाय काय?”

वाळलेला मी जमिनीवरून उठताना भिंतीचा आधार घेतला.

संध्याकाळी पोपटी लावली होती. पनवेलबाहेरच्यांनी ही खाल्ली नसेल तर त्यांनी आयुष्याचा फेरविचार करावा. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, मसाला लावलेली कोंबडी, पुन्हा पाला, असं ठासून भरायचं, आणि मडकं उलटं करून भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही. पाल्याच्या अंगच्याच रसात सगळं शिजतं. मडकं उघडलं तेव्हा जो वास सुटला त्याने दुपारच्या चार भाकऱ्या मी विसरलो. चुकलो. सहा.

सुनंदा माझ्या शेजारी शेंगा सोलत बसली होती. म्हणाली, “खरं सांगू? मला वाटलं नव्हतं. पुठ्ठा आत्ताही कोरडा आहे.”

तिचा स्वर असा होता, की पुढची शेंग मी सालासकट खाल्ली.

रविवार सकाळ, त्याच अंगणात

सकाळी जाग आली ती मावशींच्या आवाजाने.

“बाय गं! सुनंदा! भायेर ये! तुज्या दादल्याच्या गाडीनं लंगोट घातलाय!”

मी अंगणात पोचलो तेव्हा फार उशीर झाला होता. मावशी अंगण झाडायला वाकल्या होत्या. पिशवी रात्रीतून सुटली होती, आणि डायपर तेल पिऊन फुगून, तारेला लोंबकळत, जमिनीपासून चार बोटांवर झोके घेत होता. भोवती तीन कोंबड्या मान वाकडी करून बघत होत्या. बंगल्यातली झाडून सगळी माणसं बाहेर आली होती.

“जावयबापू,” मावशी गंभीरपणे म्हणाल्या, “कवा धरून जुलाब लागलाय हिला?”

हसण्याचा जो लोट उठला त्यात कोंबड्याही उडाल्या. सुनंदा हसली नाही. तिने तार सोडवली, डायपर दोन बोटांत धरला, मावशींकडून कॅरीबॅग मागून घेतली, त्यात तो ठेवला आणि गाठ मारली.

“अगं, टाकून दे ना.”

“मुद्देमाल आहे,” ती म्हणाली. “आबांना दाखवणार.”

आबा म्हणजे माझे सासरे. बायकोला फसवल्याचं सासऱ्याला कळणार, आणि वर गाडी आता उघडीवाघडी मोऱ्याला जाणार. पुठ्ठा सुनंदाने सरकवलाच होता. पाहता पाहता त्यावर थेंब पडला. मग दुसरा. आरामखुर्ची आता माझी उरलेली नव्हती. दळवी तिच्यावर पाय पसरून भाजी आणायला निघालेत हे मला स्वच्छ दिसायला लागलं.

एवढं तेल गळलंय म्हणजे आत कमी झालं असणार, निदान वाटेत इंजिन तरी जाम होऊ नये, म्हणून मी काडी काढून बघितली. खालच्या रेघेच्या खाली. बरोबर आणलेली बाटली मी बरीचशी रिकामी केली.

मावशी बघत होत्या. “घाल, घाल,” म्हणाल्या. “उपाशी नको नेऊस.”

रविवार दुपार, मोरा

पुढच्या वाटेवर द्रोणागिरीचा डोंगर दिसतो, खाडीतले बगळे दिसतात. मला काही दिसलं नाही. मला आरशात फक्त सुनंदाचं तोंड दिसत होतं आणि तिच्यामागे निळ्या धुराचा पडदा. उरणच्या बाजारात एक बाई पदर नाकाला लावून आमच्याकडे बघत उभी राहिली. सुनंदाच्या साडीच्या काठावर बारीक काळे ठिपके उठले होते. तिने ते मला दाखवले नाहीत. नुसती ‘हं’ म्हणाली.

कोळीवाड्यात शिरलो तर सुकत घातलेल्या बोंबलांच्या दोऱ्यांपलीकडे तो ओटा. इतका पांढरा की डोळे मिटावे लागले. मी गाडी लांब, गल्लीच्या तोंडाशी, एका उलट्या होडीच्या आडोशाला लावली. वाळूत किती का थेंब पडेनात.

सासूबाई ओट्यावरून ओरडल्या, “जावयबापू! गाडी तिकरं कशाला? वर आना!”

“राहू दे आई. तिथे सावली आहे.”

“सावली काय करायचीय? जावयाची गाडी रस्त्यावर, आन आमी नवा ओटा कोनासाठी बांदला? लोक काय म्हनतील?”

“आई, खरंच नको. ती... तिला वाळू आवडते.”

पण कोळीवाड्यात जावयाचं ‘नको’ कुणी ऐकून घेत नाही, मग ते भाकरीचं असो की गाडीचं. दोन्ही मेहुणे हसत हसत गेले. होडी ओढायची सवय असलेल्या हातांनी त्यांनी आरामखुर्ची ढकलत आणली, फळी लावून ओट्यावर चढवली आणि बरोबर मधोमध उभी केली. सासूबाईंनी हळदकुंकवाचं ताट आणून हेडलाइटला टिळाही लावला.

सुनंदा शेजारी येऊन उभी राहिली. कॅरीबॅग हातात होती.

सगळे गाडीचं कौतुक करत होते. आम्ही दोघं खाली बघत होतो. इंजिनामागे एक थेंब जमला, लांबला, थांबला. मी मनात त्याला जे विनवलं ते कुठल्या देवाला विनवलेलं नाही. तो पडला. पांढऱ्या लादीवर, चंद्रावर डाग असावा तसा.

“एक,” सुनंदा म्हणाली. “दोन. तीन.”

कौतुक थांबलं. सासूबाईंनी लादीकडे पाहिलं आणि त्यांची नजर तुळशीच्या कुंडीकडे गेली. मला वाटलं, आता जमिनीने पोटात घ्यावं, पण जमिनीवर लाद्या होत्या.

तेवढ्यात आबा बाहेर आले. चाळीस वर्षं त्यांनी मोरा-मुंबई लाँचचं इंजिन चालवलं. अजून त्यांच्या बोलण्याचा आवाज इंजिनघरातला आहे, शेजारी उभे असले तरी पलीकडच्या धक्क्याला ऐकू जाईल असा. सुनंदाने त्यांना कॅरीबॅग उघडून दाखवली आणि दोन वाक्यांत माझा सगळा गुन्हा सांगितला. आबांनी डायपर बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि गाडीशी उकिडवे बसले.

त्यांनी लादीवरचा थेंब बोटाने उचलला. अंगठ्यावर चोळला. वास घेतला.

“नवा तेल हाय,” ते म्हणाले. “काला पन नाय झाला नीट. कवा घातलास?”

“आज सकाळी. थोडं.”

त्यांचं बोट थेंबाच्या मागावर निघालं. लादीवरून वर, एका रबरी नळीच्या टोकाशी. नळीवरून आणखी वर, सीटखालच्या एअर फिल्टरच्या डब्याशी. त्यांनी झाकण काढायला लावलं. आत तेलाचं तळं. फिल्टर त्यात पोहत होता. इंजिनाचा श्वास ज्या पाइपने या डब्यात येतो, त्याच पाइपने तेल येऊन साचलं होतं. गास्केट, वॉशर, रबर, सगळी बिचारी निर्दोष.

“तेल बगतोस कसा? दाकव.”

मी कलत्या गाडीची काडी काढली, पुसली, घातली, काढली. “बघा. खालच्या रेघेच्याही खाली.”

 चाळीस वर्षांत लाँचवर आबांनी पुष्कळ प्रवासी पाहिले असतील, पण असा नसावा.

“जावयबापू,” ते म्हणाले, “व्हरी एका अंगावर कलांडली आसताना तिच्या तलाचा पानी मोजशील तू?”

व्हरी म्हणजे होडी, आणि कलांडणं म्हणजे कलणं. मेहुण्यांनी गाडी दोन्हीकडून धरून सरळ उभी केली. आबांनी काडी पुसून घातली आणि काढून माझ्या नाकासमोर धरली. तेल वरच्या रेघेच्या वर दोन बोटं होतं.

“ही गलत नाय,” आबांनी साऱ्या मोऱ्याला ऐकू जाईल असं जाहीर केलं. “ही वकते! पोटात मावंना म्हनून वकते! येवडा पाजतो कोन हिला?”

“मी,” मी म्हणालो. “दर रविवारी. थोडं थोडं.”

“थोरा थोराचा येवडा नाय व्हत.”

“इक्बालभाईंनीही वरून टाकलं होतं...”

“तरी नाय व्हत.”

 तेवढ्यात बाजूने हळूच आवाज आला.

“मी पण.”

आम्ही सगळे वळलो. सुनंदा ओट्याच्या खांबाकडे बघत होती.

“दर बुधवारी,” ती म्हणाली. “हे ऑफिसला बसने जातात तेव्हा. मी काडी काढून बघायचे. नेहमी कमीच दिसायचं.”

मला डब्याचं कोडं उलगडलं. डबा गळत नव्हता तर.

“पण तू तर विकायची म्हणत होतीस!”

“विकेपर्यंत चालायला नको?” ती एकदम फिस्कारली. “तुम्ही विसराळू. वाटेत इंजिन जाम झालं असतं कंटेनरच्या पुढ्यात, म्हणजे? मागे मी असते.” मग जरा आवाज खाली आणून, “आणि पुढे तुम्ही असता.”

आबांनी कॅरीबॅगेला गाठ मारली आणि ती तिच्या हातात दिली. “घे. ह्यो तुजा पन हाय. आर्दा.”

इतका वेळ दाबून धरलेलं हसू सासूबाईंना फुटलं ते थांबेना. त्यांनी चुलीतली राख आणली, थेंबांवर टाकली, काथ्याने घासलं. लाद्या पुन्हा पांढऱ्या. आबांनी खालचा नट सैल करून जादा तेल पाण्याच्या बाटलीत काढलं. बाटली गळ्यापर्यंत भरली. ती त्यांनी स्वतःकडे ठेवली, होडीच्या साखळ्यांना लावायला. डबा पुसून फिल्टर उन्हात ठेवला, बोंबलांच्या शेजारी.

मग जेवणं. सुरमईचं कालवण, तळलेले बोंबील, भाकऱ्यांची चळत. चौथ्या भाकरीला मी भिंतीला एका अंगावर रेललो होतो. सासूबाई पाचवी घेऊन आल्या.

“आई, आता नको. पोट भरलं.”

“खोटा. आजून जागा दिसते.”

“अगो, तो कलांडलाय!” आबा गरजले. “सरल बसव त्याला, मंग बग!”

मी सरळ बसलो. सासूबाईंनी मला नीट न्याहाळलं आणि भाकरी वाढलीच.

परत सुकापुरात

परतीच्या वाटेबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, आणि मोटरसायकलवाल्याला यापरतं सुख नाही. धूर नाही. गव्हाण फाट्याला पुठ्ठा सरकवला, कोरडा. या खेपेला खरा कोरडा. तो कंटेनरवाला पुन्हा भेटला नाही याची मात्र चुटपुट लागली.

पण अट ती अट. थेंब ओट्यावर पडला होता, एक नाही, तीन, आणि मोजणारी घरातच होती. मी तो विषय काढला नाही. सुनंदानेही नाही. आम्ही दोघं त्या विषयाभोवती, झोपलेल्या कुत्र्याभोवतून जावं तसे, हलक्या पावलांनी फिरत राहिलो.

पुढच्या रविवारी सकाळी मी काडी पुसायचं फडकं घेऊन खाली निघालो, तर ती मागोमाग.

“बसा गाडीवर,” म्हणाली. “दोन्ही पाय टेकवा. सरळ धरा. तुम्ही नाही, गाडी सरळ.”

डबल स्टँड नसलेल्या गाडीचं तेल एकट्याने बघता येत नाही. एकाने वर बसून तिला सरळ धरायचं आणि दुसऱ्याने वाकून काडी वाचायची. वर्षभर आम्ही एकमेकांपासून चोरून, निमनिम्मं, चुकीचं बघत होतो. आता बरोबर बघतो, बिल्डिंगच्या देखत.

“किती आहे?”

“दोन रेघांच्या मध्ये.”

“जरा घालू?”

घालणार कशातून? तेलाचा डबा तिने मोऱ्याहून आल्या दिवशीच वर नेलाय, स्वयंपाकघरातल्या सगळ्यात उंच फळीवर, जिथे माझ्यापासून लपवलेला चिवडा असतो.

तेवढ्यात दळवी खडू घेऊन आले. वाकून गाडीखाली पाहिलं. फरशी कोरडी. सात दिवसांचा खडू त्यांच्या हातात तसाच होता. जरा खट्टू होऊन त्यांनी विचारलं, “वहिनी, ते विकायचं म्हणत होतात ना तुम्ही?”

सुनंदाने काडी फडक्याने पुसली, जागेवर बसवली, आटे नीट फिरवले.

“विकायचीच आहे, भाऊजी,” ती म्हणाली. “शब्द दिलाय मी. पण गळकी गाडी तुमच्या गळ्यात कशी मारणार? आधी नीट दुरुस्त होऊ दे.”

“म्हणजे कधी?”

“आता काय सांगू,” सुनंदा माझ्याकडे न बघता म्हणाली. “दर रविवारी तपासतोच आहोत.”